गवताची पेंढी

वऱ्हाडाला समुद्र नाही. १९३० च्या ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर चिमूटभर मीठ उचलले आणि सारा देश हलला. परंतु आमच्या यवतमाळकराने मीठ उचलावे तरी कोठून? रान मात्र उदंड होते, आणि त्या रानात गुरे चारायला, गवत कापायला इंग्रजी अमलाचा परवाना लागे. बापजाद्यांनी ज्या रानातून गवताचा भारा आणला, तेथेच लेकरू चोर ठरे! मिठाचे दुःख येथे गवतात होते.

१० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे पुसदजवळच्या राखीव जंगलात गेले आणि त्यांनी परवान्यावाचून गवत कापले. वणीत जन्मलेल्या या नामांकित वकिलाने कायदा मोडला तो उघड्यावर, शिक्षा पत्करून. सहा महिन्यांचा तुरुंगवास त्यांच्या वाट्याला आला. पाठोपाठ जंगल सत्याग्रहाचे लोण दूरवर पसरले. २५ सप्टेंबरला कोकणातल्या चिरनेरला तर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या.

वाचकहो, पुसदला विळा चालला तो गवतावर, सागावर नव्हे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. गवत पुढल्या पावसात पुन्हा उगवते. रान आमचे आहे, म्हणूनच ते ओरबाडायचे नाही, असा धडा त्या पेंढीतून घेता येतो.

स्वराज्य आले. १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला आणि शाळाशाळांतून रोपे लागली. पण आषाढात लावलेल्या रोपाला वैशाखात पाणी कोणी घालायचे? ज्याला ते आपले वाटते त्याने! गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखा गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. हा कायदा हक्कासोबत राखण्याची जबाबदारीही ग्रामसभेवर टाकतो. हक्क आणि राखण ही जुळी भावंडे आहेत.

आम्ही शिक्षक मुलांना 'झाडे लावा' हे घोषवाक्य पाठ करून देतो. त्याऐवजी एकेका मुलाच्या हाती एकेक झाड सोपवावे. पळस कधी फुलतो, मोहाची फुले कधी गळतात, हे त्याने वहीत टिपावे. या दिवाळीच्या सुटीत लेकरांना टिपेश्वरच्या नाहीतर पैनगंगेच्या रानाकडे न्या आणि गवताच्या त्या पेंढीची गोष्ट सांगा. ज्या रानासाठी आपली माणसे तुरुंगात गेली, ते परके आहे असे मग कोणते पोर म्हणेल?