मॉनिटर कॅलिब्रेशन

मॉनिटर कॅलिब्रेशन किंवा पडद्याचे रंग-अंशांकन म्हणजे संगणकाच्या पडद्याची तेजस्विता, पांढऱ्या रंगाची छटा आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा चढ ठरावीक प्रमाण मूल्यांवर आणण्याची प्रक्रिया होय. छायाचित्र संपादन, मुद्रणपूर्व काम आणि चित्रपटांचे रंगसंस्करण या क्षेत्रांत ती आवश्यक मानली जाते. कॅलिब्रेशननंतर पडद्याचे उरलेले गुणदोष मोजून त्यांची नोंद एका फाइलमध्ये केली जाते. तिला प्रोफाइलिंग म्हणतात. दोन्ही कामे एकाच उपकरणाने, एकापाठोपाठ एक होत असल्यामुळे व्यवहारात दोहोंना मिळून ‘कॅलिब्रेशन’ म्हटले जाते. मात्र त्यांची कार्ये भिन्न आहेत.

आवश्यकता

डिजिटल छायाचित्रात प्रत्यक्ष रंग साठवलेला नसतो; लाल, हिरवा व निळा या घटकांची संख्यात्मक मूल्ये साठवलेली असतात. ८ बिटच्या चित्रात ही मूल्ये ० ते २५५ असतात. एकच मूल्य दोन पडद्यांवर दोन वेगळ्या रंगांत दिसू शकते, कारण प्रत्येक पडद्याचा प्रकाशस्रोत, रंगगाळण्या आणि कारखान्यातील मांडणी वेगळी असते. शिवाय वापराच्या काळानुसार पडद्याची तेजस्विता व छटा बदलत जाते.

पडदा प्रमाणापेक्षा अधिक उजळ असेल, तर संपादक चित्र गरजेपेक्षा गडद करतो आणि छापील प्रत काळवंडलेली येते. पडदा निळसर असेल, तर नकळत चित्रातील पिवळेपणा वाढवला जातो आणि त्वचेचे रंग बिघडतात. दोष पडद्याचा असला, तरी तो चित्राच्या फाइलमध्ये कायमचा उतरतो.

डोळ्यांची मर्यादा

मानवी दृष्टी सभोवतालच्या प्रकाशाशी जुळवून घेते. पांढरा कागद पिवळ्या दिव्याखाली आणि दुपारच्या उन्हात, दोन्हीकडे पांढराच वाटतो. प्रत्यक्षात त्यावरून परावर्तित होणारा प्रकाश वेगळा असतो. याच गुणामुळे सदोष पडदाही थोड्या वेळाने डोळ्यांना योग्य वाटू लागतो. म्हणून अचूक कामासाठी डोळ्यांच्या अंदाजाऐवजी मापन उपकरणाचा आधार घेतला जातो.

प्रमाण मूल्ये

श्वेतबिंदू: पांढऱ्या रंगाची छटा. छायाचित्र संपादनासाठी सर्वसाधारणपणे डी६५ हे प्रमाण, म्हणजे सुमारे ६५०० केल्विन रंगतापमान, निवडतात. छापील प्रतीशी शेजारी ठेवून तुलना करायची असल्यास डी५० (सुमारे ५००० केल्विन) वापरण्याचीही पद्धत आहे.

तेजस्विता: मंद प्रकाशाच्या खोलीत ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर. बहुतेक नवे मॉनिटर याहून कितीतरी अधिक तेजस्विता देऊ शकतात, त्यामुळे ती बहुधा कमी करावी लागते.

गॅमा: मध्यम छटा किती उजळ वा गडद दिसाव्यात हे ठरवणारा घातांक. प्रचलित मूल्य २.२ आहे.

उपकरणे

कलरीमीटर (वर्णमापक) रंगगाळण्यांच्या साहाय्याने प्रकाश मोजतो. तो तुलनेने स्वस्त असून गडद छटांचे मापन चांगले करतो. मात्र पडद्याच्या प्रकाशस्रोतानुसार त्याला सुधारणा-माहिती पुरवावी लागते. स्पेक्ट्रोफोटोमीटर प्रकाशाचे तरंगलांबीनुसार पृथक्करण करतो. तो महाग असतो, पण त्याच्या अनेक प्रकारांनी छापील कागदाचेही मापन करता येते. उपकरणासोबत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरव्यतिरिक्त आर्गिलसीएमएस आणि डिस्प्लेकॅल ही मुक्त सॉफ्टवेअरही वापरात आहेत.

कार्यपद्धती

१. मॉनिटर सुमारे अर्धा तास सुरू ठेवून स्थिर होऊ द्यावा.
२. स्वयंचलित तेजस्विता, रात्रीचा पिवळसर प्रकाश आणि ‘व्हिविड’सारख्या सुविधा बंद कराव्यात.
३. पडद्यावर थेट ऊन किंवा दिव्याचा झोत पडणार नाही, अशी व्यवस्था करावी.
४. श्वेतबिंदू, तेजस्विता व गॅमा यांची लक्ष्यमूल्ये सॉफ्टवेअरमध्ये निवडावीत.
५. उपकरण पडद्याच्या मध्यभागी टेकवून मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांनी तेजस्विता आणि शक्य असल्यास श्वेतबिंदू लक्ष्याजवळ आणावा.
६. त्यानंतर सॉफ्टवेअर एकामागून एक रंगचौकोन दाखवते, त्यांचे मापन करते आणि प्रोफाइल तयार करते.

पाचवी पायरी महत्त्वाची आहे. उरलेली दुरुस्ती सामान्यतः ग्राफिक्स कार्डमधील सारणीद्वारे होते. ही दुरुस्ती जितकी मोठी, तितक्या उपलब्ध छटा कमी होतात आणि आकाशासारख्या सलग भागांत पट्टे दिसण्याचा संभव वाढतो. काही व्यावसायिक मॉनिटरांत ही सारणी मॉनिटरमध्येच असते; त्या पद्धतीला हार्डवेअर कॅलिब्रेशन म्हणतात.

प्रोफाइल आणि रंगव्याप्ती

प्रोफाइलची रचना १९९३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय रंग संघाने (आयसीसी) प्रमाणित केली आहे. रंग-व्यवस्थापन करणारे सॉफ्टवेअर हे प्रोफाइल वाचून चित्रातील मूल्यांचे त्या विशिष्ट पडद्यासाठी रूपांतर करते. अशी सोय नसलेल्या सॉफ्टवेअरला प्रोफाइलचा पूर्ण लाभ मिळत नाही.

पडदा जितके रंग दाखवू शकतो, त्या कक्षेला रंगव्याप्ती म्हणतात. एसआरजीबी हे प्रमाण ह्युलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडले आणि १९९९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. १९९८ चे अ‍ॅडोबी आरजीबी विशेषतः हिरव्या-निळसर रंगांत अधिक विस्तृत आहे.

पडताळणी

लक्ष्य रंग आणि मोजलेला रंग यांतील अंतर ‘डेल्टा ई’ या एककाने दर्शवतात. ढोबळमानाने १ च्या आसपासचा फरक डोळ्यांना जेमतेम जाणवतो. पडदा काळानुसार बदलत असल्याने नियमित काम करणारे दर महिन्याला किंवा त्या सुमारास कॅलिब्रेशन पुन्हा करतात.

उपकरण उपलब्ध नसल्यास विंडोज व मॅकओएस यांमधील अंगभूत साधनांनी, तसेच करड्या छटांच्या पट्टीने ढोबळ जुळवणी करता येते. चांगल्या प्रकाशात धरलेली छापील प्रत आणि पडदा यांची तुलना केल्यास निदान तेजस्विता फार जास्त आहे का, हे कळते. ही पद्धत मापनाची जागा मात्र घेऊ शकत नाही.

मर्यादा

कॅलिब्रेशनमुळे पडद्याची रंगव्याप्ती वाढत नाही आणि पाहण्याच्या कोनानुसार रंग बदलण्याचा दोषही जात नाही. इतरांच्या पडद्यांवर चित्र कसे दिसेल, यावरही संपादकाचे नियंत्रण राहत नाही. तसेच छापील कागद स्वतः प्रकाश देत नसल्यामुळे पडदा आणि छपाई तंतोतंत एकसारखी दिसत नाहीत. छपाईयंत्र, शाई व कागद यांचे वेगळे प्रोफाइल वापरून छपाईचा पूर्वअंदाज घ्यावा लागतो. कॅलिब्रेशनचे प्रयोजन चित्र अधिक आकर्षक दाखवणे हे नसून, संपादकाचा निर्णय पडद्याच्या दोषावर नव्हे तर चित्रातील वास्तव मूल्यांवर आधारलेला असावा, हे आहे.