भारतीय नौदलाची विमानवाहित अस्त्रे

शत्रूच्या नौका, पाणबुड्या व किनाऱ्यावरील लक्ष्ये यांवर विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून टाकल्या अथवा डागल्या जाणाऱ्या अस्त्रांना विमानवाहित अस्त्रे म्हणतात. त्यांत बॉम्ब, रॉकेट, डेप्थ चार्ज, पाणतीर व जहाजविरोधी क्षेपणास्त्रे यांचा समावेश होतो. गोव्यातील दाबोळी येथील आयएनएस हंसा हा भारतीय नौदलाचा महत्त्वाचा हवाई तळ आहे.

इतिहास

४ मार्च १९६१ रोजी आयएनएस विक्रांत ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली. तिच्यावरील सी हॉक विमाने बॉम्ब व रॉकेट वाहून नेत, तर आलिझे विमाने पाणबुडीविरोधी कामगिरीसाठी होती. ४ डिसेंबर १९७१ रोजी सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार व चितगाव येथे हल्ले केले. डिसेंबर १९८३ मध्ये सी हॅरियर विमाने दाबोळीस आली. सी हॅरियर विमाने व सी किंग हेलिकॉप्टरे यांना पुढे ब्रिटिश बनावटीचे सी ईगल क्षेपणास्त्र मिळाले. २०१३ पासून दाखल झालेल्या पी-८आय विमानांवर अमेरिकी हार्पून क्षेपणास्त्र व मार्क ५४ पाणतीर असतात. १८ मे २०२२ रोजी ओडिशातील चांदीपूर येथे सी किंगवरून स्वदेशी एनएएसएम-एसआर क्षेपणास्त्राची पहिली चाचणी झाली. त्याच्या विकासात पुण्याच्या उच्च ऊर्जा द्रव्य संशोधन प्रयोगशाळेचाही सहभाग आहे.

नामपद्धती

ही अस्त्रे निरनिराळ्या देशांतून आल्यामुळे त्यांच्या नावांत एकवाक्यता नाही.

• ब्रिटिश : बॉम्बचे वजन पौंडात सांगून पुढे 'मार्क' क्रमांक देतात.
• अमेरिकी : 'मार्क ८२' मधील ८२ हा केवळ अनुक्रमांक असून बॉम्ब ५०० पौंडी गटातील आहे. क्षेपणास्त्रांसाठी १९६३ पासून अक्षरसंकेत आहेत. 'एजीएम-८४' मध्ये ए म्हणजे हवेतून डागलेले, जी म्हणजे भूपृष्ठावरील वा सागरपृष्ठावरील लक्ष्यासाठी आणि एम म्हणजे क्षेपणास्त्र. हेच हार्पून नौकेवरून डागल्यास 'आरजीएम-८४' व पाणबुडीतून डागल्यास 'यूजीएम-८४' ठरते.
• रशियन : 'फाब-५००' मधील आकडा किलोग्रॅममधील वजनगट दर्शवितो. ख-३५ या क्षेपणास्त्रास नाटो देश 'एएस-२० कयाक' म्हणतात.

महत्त्व

५०० पौंड म्हणजे सुमारे २२७ किलोग्रॅम. त्यामुळे '५०० चा बॉम्ब' एवढाच उल्लेख असल्यास वजनात दुपटीहून अधिक फरक संभवतो. विमानवाहू नौकेच्या आखूड धावपट्टीवरून उड्डाण करताना भाराची मर्यादा काटेकोरपणे पाळावी लागते. जुन्या युद्धनोंदी वाचतानाही नामपद्धती ध्यानात न घेतल्यास एकच अस्त्र दोनदा मोजले जाण्याची शक्यता असते.

हेही पहा

• आयएनएस विक्रांत
• आयएनएस हंसा
• पाणतीर