हाफिजजींची एकशे चौदा पावले

आमच्या भुसावळच्या मोहल्ल्यात एक अंध हाफिजजी होते. घरापासून मशिदीपर्यंत एकशे चौदा पावले. कुरआनात सूरेही तेवढेच, असे ते हसून सांगत. एके दिवशी पहाटे गटारीवरचा ढापा जागेवर नव्हता. हाफिजजी आत पडले, मांडीचे हाड मोडले. पुढे ते घरातच नमाज पढत.

श्रोतेहो, खानदेशात रस्ते आखणारे नव्हते असे नाही. 1818 मध्ये इंग्रजी अंमल आला आणि कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यात बाहेरगावचे व्यापारी बोलावून नवी वस्ती वाढवली. जुन्या धुळ्याची घरे वेडीवाकडी, नव्याचे रस्ते सरळ. धुळेकर आजही पत्त्यात गल्लीचा नंबर सांगतात. आमचे भुसावळ मात्र रेल्वेने मोठे केले. 1867 मध्ये इथून निघालेला फाटा नागपूरला पोहोचला, 1870 मध्ये जबलपूरमार्गे कलकत्ता जोडले गेले. रेल्वे कॉलनीत रुंद रस्ते आले, कडुनिंबाची सावली आली. पण रुळांनी गाव दुभागले. पलीकडे पायी जायचे तर पुलाच्या पायऱ्या चढा. डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईने चढायच्या, कुबडीवाल्यानेही चढायच्या. आखणी कधी बैलगाडीसाठी झाली, कधी इंजिनासाठी, पुढे मोटारीसाठी. पायी चालणारा कुणी हिशेबात धरलाच नाही.

1995 च्या अपंगांविषयीच्या कायद्याने त्याला प्रथमच धरले. सिग्नलला आवाज हवा, फुटपाथला चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवा, झेब्रा पट्ट्यांवर अंधाच्या पायाला कळेल अशी खूण हवी, असे त्यात लिहिले होते. सोबत एक शेपूटही होते : आर्थिक कुवतीच्या मर्यादेत! ही मर्यादा फुटपाथपाशीच बरी आठवते. त्या कायद्याची जागा 2016 मध्ये नव्या कायद्याने घेतली. इंडियन रोड्स काँग्रेसने 2012 मध्ये फुटपाथवर किमान 1.8 मीटर मोकळी वाट सांगितली; समोरासमोर आलेल्या दोन चाकाच्या खुर्च्या एवढ्या रुंदीत एकमेकींना ओलांडू शकतात. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर फुटपाथवर चालण्याचा हक्क जगण्याच्या हक्काशी जोडला.

परवा फजरनंतर हाफिजजींच्या वाटेने पावले मोजत निघालो. गटारीवर आता पक्का स्लॅब आहे. पण बाविसाव्या पावलाला मोटारसायकली उभ्या होत्या, पुढे वाळूचा ढीग. रस्त्यावर उतरून वळसा घेतला, मागून ट्रकने हॉर्न दिला, आणि आकडा विसरलो.