यहूदाचा हेतू कोणी ठरवला?

१/६
येशूला शत्रूंच्या हाती दिले ते त्याच्याच बारा शिष्यांपैकी एकाने, यहूदा इस्कर्योतने. पण का? चार शुभवर्तमाने लेखनकाळाच्या क्रमाने वाचली, की उत्तर कसे घडत गेले ते दिसते.

२/६
सर्वांत जुने मार्कचे, साधारण इ.स. ७० चे. त्यात हेतू सांगितलेलाच नाही. यहूदा याजकांकडे जातो. पैशाचे वचन ते नंतर देतात.

३/६
मत्तयच्या कथनात तो स्वतःच मोल विचारतो आणि चांदीची ३० नाणी घेतो. या आकड्यामागे जखऱ्या संदेष्ट्याच्या जुन्या ग्रंथाचा पडसाद आहे. पुढे पश्चात्तापाने तो नाणी परत करतो व गळफास घेतो.

४/६
लूक म्हणतो, त्याच्यात सैतान शिरला. बहुधा सर्वांत शेवटी लिहिणारा योहान सैतानाबरोबरच आणखी एक दोष जोडतो : यहूदा शिष्यांच्या सामाईक थैलीतून चोरी करत असे.

५/६
२००६ साली प्रसिद्ध झालेल्या कॉप्टिक ‘यहूदाच्या शुभवर्तमाना’त तो काही अभ्यासकांच्या मते सर्वांत जाणता शिष्य आहे, तर काहींच्या मते तेथेही खलच.

६/६
प्रसंग जसा दूर जातो तसा हेतू अधिक ठळक होतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथेच सावध व्हावे. या ठळकपणाची किंमत इतरांनी मोजली. मध्ययुगीन युरोपात यहूदाचा लोभ साऱ्या ज्यू समाजाच्या माथी मारला गेला. येशू आणि उरलेले अकरा शिष्यही ज्यूच होते, याचा विसर पडला. मार्कने मोकळी सोडलेली जागा भरणाऱ्यांनी यहूदापेक्षा स्वतःविषयीच अधिक सांगितले आहे.