खांदेरी : आपल्या दारातील बेट

ग्रामदेवतेच्या मंदिराचा जीर्णोद्धार गावकऱ्यांच्या श्रमाने आणि दात्यांच्या उदार देणग्यांनी तडीस गेला, ही आपणां सर्वांना आनंदाची गोष्ट आहे. या स्मरणिकेसाठी गावच्या परिसराचा थोडा इतिहास लिहावा, असे मंडळाने सुचविले. तेव्हा प्रथम डोळ्यांपुढे आले ते आपल्या समुद्रातील खांदेरी बेट. जन्मल्यापासून आपण ते पाहत आलो आहोत. रात्री त्याच्या दिव्याकडे बघत आपण झोपी जातो. पण रोज दिसणाऱ्या गोष्टीचे मोल सहसा ध्यानात येत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

थळच्या किनाऱ्यासमोर दोन बेटे आहेत. जवळचे ते उंदेरी. त्याच्या पलीकडे, किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर, खांदेरी. इंग्रज या जोडीला आपल्या उच्चाराप्रमाणे हेनरी-केनरी म्हणत. खांदेरीवर दोन टेकड्या असून त्यांच्यामध्ये सखल जागा आहे. होड्या तेथेच लागतात. बेट लहान आहे. तेथे गावाचे पोट भरेल अशी शेती नाही की मोठी झाडी नाही. मग अशा खडकासाठी राजांनी, सिद्दीने आणि इंग्रजांनी एवढे रक्त का सांडावे?

उत्तर बेटाच्या जागेत आहे. खांदेरीच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर मुंबई, आणि दक्षिणेस जंजिऱ्याचा सिद्दी. मुंबई बंदरात शिरणारे आणि तेथून दक्षिणेकडे निघणारे प्रत्येक गलबत खांदेरीवरून दिसते. पावसाळ्यात सिद्दीचे आरमार मुंबईच्या आसऱ्याला जाऊन राही आणि तेथून आपल्या मुलखात उपद्रव करी. इंग्रजांकडे तक्रार करून उपयोग होत नव्हता. तेव्हा सिद्दी आणि मुंबई या दोघांच्या मध्ये आपली चौकी बसविली पाहिजे, हे शिवछत्रपतींनी हेरले. १६७२ च्या सुमारास एकदा काम आरंभिले होते, परंतु विरोधामुळे ते सोडावे लागले. महाराजांनी मात्र तो विचार सोडला नाही.

१६७९ च्या ऑगस्ट महिन्यात, पावसाळा पुरता सरला नसताना, मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरला आणि तटाचे काम सुरू झाले. मुंबईकर इंग्रज अस्वस्थ झाले. त्यांनी आपली शिबाडे व गलबते पाठवून बेटाला वेढा दिला. १९ सप्टेंबर रोजी लेफ्टनंट थॉर्प याने बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला. त्यात तो व त्याची काही माणसे मारली गेली. पुढे रिव्हेंज आणि हंटर ही त्यांची मोठी जहाजे आली. १८ ऑक्टोबर रोजी दौलतखान पन्नासाच्या आसपास गलबते घेऊन इंग्रजांवर चालून गेला. इंग्रजांची डोव्हर नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. मात्र रिव्हेंजने नेटाने तोफा चालविल्या आणि आपल्या आरमाराला नागोठण्याच्या खाडीकडे माघार घ्यावी लागली. म्हणजे समोरासमोरच्या त्या लढाईत जय आपला झाला, असे म्हणता येणार नाही. तरीही खांदेरी आपल्याच हाती राहिली. हे कसे घडले?

गावकरी मंडळींनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट येथेच आहे. बेटावर धान्य पिकत नव्हते. तांदूळ, दारूगोळा, लाकूडफाटा, माणसे, सर्व काही किनाऱ्यावरून न्यावे लागे. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा भारी. पण त्यांना वारा हवा आणि खोल पाणी हवे. आपल्या होड्या व मचवे लहान, उथळ पाण्यातून जाणारे, वारा पडला तरी वल्ह्यांवर चालणारे. काळोख पडला, की या होड्या इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटून बेटाला लागत आणि उजाडण्यापूर्वी परत येत. सकाळी इंग्रज पाहत, तो तटाचे काम आणखी वर गेलेले असे. भरती-ओहोटीची वेळ, खडकांची जागा आणि काळोखातली वाट ज्यांना तळहातासारखी ठाऊक होती, त्या कोळी-भंडारी दर्यावर्दींनी हा वेढा फोल ठरविला. तट मायनाकाने उभारला खरा, पण तो तगवला किनाऱ्याने.

नोव्हेंबरात सिद्दीचे आरमार इंग्रजांच्या मदतीस आले. तरी बेट पडेना. शेवटी १६८० च्या आरंभी इंग्रजांनी महाराजांशी तह करून माघार घेतली. त्याच सुमारास सिद्दी कासमने शेजारच्या उंदेरीवर उतरून तेथे तोफा चढविल्या. म्हणजे आपल्या लोकांच्या एका डोळ्यासमोर मराठ्यांचे निशाण आणि दुसऱ्यासमोर सिद्दीचे. १७६० मध्ये उंदेरी मराठ्यांनी जिंकून घेईपर्यंत ऐंशी वर्षे या किनाऱ्याने असे दिवस काढले. त्या तोफांच्या सावलीत येथे शेते पिकली, जाळी विणली गेली, लेकी नांदायला गेल्या. हाही इतिहासच होय.

पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या काळात खांदेरीचा दरारा वाढला. नोव्हेंबर १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने आरमार पाठवून बेटावर हल्ला केला, पण त्यास हात हलवीत परत जावे लागले. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान इंग्रजांनी १८४० मध्ये खालसा केले. ज्या बेटाची त्यांना धास्ती वाटे, त्याच बेटावर १८६७ मध्ये दीपगृह उभे राहिले. तेव्हापासून खांदेरी गलबतांना वाट दाखविते आहे. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली, त्यांत रायगड व सिंधुदुर्गाबरोबर आपली खांदेरीही आहे.

परंतु कोळी बांधवांच्या लेखी खांदेरी म्हणजे आधी वेताळाचे ठाणे. शेंदूर लावलेल्या त्या शिळेपुढे नवस बोलले जातात, फेडले जातात. जवळच एक दगड आहे; त्यावर दुसरा दगड आपटला, की भांड्यासारखा नाद येतो. मुलांना त्याचे मोठे अप्रूप. किल्ल्यावरची सत्ता बदलली, निशाणे बदलली, पण वेताळाला नारळ वाहण्याची रीत टिकून राहिली आहे.

आपल्या मंदिराच्या भिंतीवर दात्यांच्या नावांची संगमरवरी पाटी लागली आहे. ते योग्यच झाले. ज्यांनी दिले त्यांची नावे पुढच्या पिढीला कळली पाहिजेत. पण पाटी वाचताना एक विचार मनात येतो. मायनाक भंडारी व दौलतखान यांची नावे आपणांस ठाऊक आहेत. बेटावर मेलेल्या थॉर्पचेही नाव इंग्रजांनी लिहून ठेवले. मात्र रात्री-अपरात्री वल्ही मारून बेटाला तांदूळ पोचविणाऱ्यांची नावे पुस्तकांत मिळत नाहीत. त्यांची पाटी कोठेच नाही. खांदेरीचा तट हीच त्यांची पाटी.

तेव्हा खांदेरीला जाल तेव्हा तटावर आपले नाव कोरू नका, कचरा टाकू नका, पडलेला चिरा उचलून आणू नका. मुलांना सोबत न्या आणि ही हकीकत सांगा. मुंबईस असलेल्या आपल्या चाकरमानी बांधवांनीही गावी आल्यावर एकदा समुद्राकडे उभे राहून त्या अनामिकांना हात जोडावेत. दारातले बेट सांभाळणे आणि गावचे देऊळ सांभाळणे ही एकाच घराची दोन कामे आहेत. दोन्ही आपल्या हातून नीट घडोत, एवढीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.