निरिच्छ की आजारी?

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तुम्ही-आम्ही सगळेच सहज वापरतो. म्हातारपणी बुद्धी दगा देते, एवढंच तिला सांगायचं असतं. पण कधी कधी बुद्धीच्याही आधी आणखी एक गोष्ट घरातून निघून जाते. ती म्हणजे इच्छा. रोज पहाटे फिरायला जाणारे आजोबा खुर्चीतून उठेनासे होतात. वर्तमानपत्राची घडी मोडलेली नसते. नातवंडं आली की हसतात आणि पुन्हा गप्प होतात. काही दुखतंय का? नाही. काही हवंय का? नाही. मग घरातलं कुणी म्हणतं वय झालं, कुणी म्हणतं आळशी झालेत, आणि सुनेला वाटतं, आपल्यावरच रुसलेत. स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या सुरुवातीला दिसणाऱ्या या औदासीन्याचं मूळ अनेकदा मेंदूतल्या बिघाडात असतं. हे वैद्यकाला कसं आणि किती उशिरा उमगलं, ती हकिकत आज मला सांगायची आहे.

सुरुवात शब्दापासून करू. इंग्रजीतला 'अ‍ॅपथी' हा शब्द ग्रीक 'अपाथेइया'वरून आला. स्टोइक तत्त्वज्ञांच्या लेखी तो सद्गुण होता. विकारांनी न हलणारं मन असा त्याचा अर्थ. आपल्याला त्याचं नवल वाटायला नको. गीतेतला स्थितप्रज्ञ आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. 'निरिच्छ' हे विशेषण आपण आदरानंच लावतो. मला वाटतं, आपल्या घरांत हा आजार ओळखणं म्हणूनच अवघड जातं. ज्यानं इच्छा जिंकली तो, आणि ज्याची इच्छा जागवणारी यंत्रणाच बंद पडली तो, दोघंही लांबून सारखेच शांत दिसतात.

आता जर्मनीत जाऊ. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांच्या आउगुस्टे डेटर यांना दाखल करण्यात आलं. त्यांना आठवत नसे, नवऱ्यावर संशय येई, त्या आरडाओरडा करत. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी त्यांच्याशी झालेली प्रश्नोत्तरं काळजीपूर्वक लिहून ठेवली. १९०६ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या. त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना अल्झायमरना पेशींबाहेर साचलेले चट्टे आणि पेशींच्या आत दोऱ्यांसारखे गुंते दिसले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडलं. श्रोत्यांतून एकही प्रश्न आला नाही! पुढे १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

त्यानंतर कितीतरी दशकं लक्ष राहिलं ते स्मरणशक्तीवर, आणि आरडाओरडा करणाऱ्या, घराबाहेर निघून जाणाऱ्या रुग्णांवर. गप्प बसलेला रुग्ण कुणालाच त्रास देत नाही. त्याच्या गप्पपणाची तक्रार कोण करणार?

त्या गप्पपणाचं कारण सापडायला सुरुवात झाली ती भलत्याच वाटांनी. पहिली वाट व्हिएन्नाची. १९१७ मध्ये कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो यांनी मेंदूच्या एका विचित्र, झोपाळू तापाचं वर्णन केलं. त्यातून वाचलेले अनेक रुग्ण पुढे वर्षानुवर्षं पुतळ्यासारखे बसून राहिले.

दुसरी वाट निघते आपल्या मुंबईतून. सर्पगंधेची मुळी रक्तदाब कमी करते, हे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडलं आणि या वनस्पतीकडे जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे औषध वेगळं काढण्यात आलं. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिलं, तेव्हा ससे निश्चल होऊन पडले. मग त्यांनी एल-डोपा टोचलं आणि ससे उठून हिंडू लागले. हा प्रयोग १९५७ चा. एल-डोपापासून मेंदूत डोपामिन तयार होतं. हे डोपामिन स्वतःच मेंदूतला एक महत्त्वाचा निरोप्या आहे, हे कार्लसन यांनी दाखवलं. त्यासाठी २००० साली त्यांना नोबेल मिळालं. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांनी हेच एल-डोपा त्या झोपाळू तापातून उरलेल्या रुग्णांना दिलं, आणि कित्येक वर्षं निश्चल असलेली माणसं बोलू-चालू लागली. जाग पुष्कळांच्या बाबतीत टिकली नाही. पण हालचालीची आणि उमेदीची किल्ली काही अंशी एका रसायनात आहे, हे कळून चुकलं.

पुढे १९८९ मध्ये केंट बेरिज आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर एक डोळे उघडणारा प्रयोग केला. डोपामिन नाहीसं केलेले उंदीर स्वतःहून अन्नाकडे जात नसत. पण गोड द्रव तोंडात घातला तर तो चवीनं चाटत. आवड शिल्लक होती, ओढ संपली होती. ताट पुढे आलं की मिटक्या मारत जेवणारे, पण जेवायला स्वतः कधीच न उठणारे आजोबा इथे आठवतील.

तिसरी वाट शल्यक्रियेची. १९४१ मध्ये ह्यू केर्न्स यांनी १४ वर्षांच्या एका मुलीची हकिकत प्रसिद्ध केली. ती उघड्या डोळ्यांनी पडून राही, नजरेनं माणसांचा माग घेई, पण बोलत नसे, हलत नसे. मेंदूच्या मध्यभागी द्रव भरलेली गाठ होती. द्रव काढला की ती बोलू लागे. गाठ भरली की पुन्हा मूक.

या सुट्या धाग्यांची वीण १९८६ मध्ये बसली. कपाळामागचा मेंदू आणि खोलवरची केंद्रं यांना जोडणारी पाच समांतर मंडलं अलेक्झांडर, डीलाँग आणि स्ट्रिक यांनी मांडली. त्यांतलं एक 'अँटेरिअर सिंग्युलेट' या पट्ट्यातून निघतं. हा पट्टा असतो मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या आतल्या बाजूला. 'हे करण्यात अर्थ आहे, चल ऊठ' हा हिशोब करण्यात त्याचा मोठा वाटा आहे. १९९० मध्ये रॉबर्ट मॅरिन यांनी औदासीन्य हे स्वतंत्र लक्षणसमूह मानावं असं सुचवलं आणि पुढच्याच वर्षी ते मोजण्याची प्रश्नावली दिली. आणि २००६ मध्ये, म्हणजे अल्झायमर यांच्या त्या भाषणानंतर बरोबर शंभर वर्षांनी, एका अभ्यासात दिसलं की हयातीत दीर्घकाळ उदासीन राहिलेल्या रुग्णांच्या या पट्ट्यात तेच गुंते अधिक होते. अल्झायमरच्या आजारात अ‍ॅसिटिलकोलिन हे दुसरं रसायनही घटतं, आणि कपाळामागच्या मेंदूचा पुरवठा आणखी रोडावतो.

हा इतिहास घरात उपयोगी पडतो तो असा. औदासीन्य म्हणजे नैराश्य नव्हे. नैराश्यात माणूस दुःखी असतो, स्वतःला दोष देतो, रडतो. उदासीन माणसाला दुःख होतंय असं जाणवत नाही. त्याला काही सुरूच करता येत नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात. थायरॉइडच्या किंवा बी-१२ च्या कमतरतेनंही माणूस असा मंदावतो, म्हणून तपासणी आधी. औषधांबाबत आशा बेताचीच ठेवावी. मिथाइलफेनिडेटच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २०० रुग्णांवरच्या चाचणीत सहा महिन्यांत थोडा फायदा दिसला. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं औषध आहे.

घरच्यांच्या हातात मात्र बरंच आहे. 'फिरायला जायचंय का?' असं विचारलं तर उत्तर 'नाही' येणारच, कारण इच्छा निर्माण करणं हेच तर त्या मेंदूला जमत नाही. त्याऐवजी रोज ठरलेल्या वेळी चपला पुढे ठेवाव्यात, काठी हातात द्यावी, आणि 'चला' म्हणावं. आरंभ आपण करून द्यायचा. पुढची पावलं पुष्कळदा ते स्वतः टाकतात.

आपल्या देशात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं स्मृतिभ्रंशानं ग्रासलेली असावीत, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यांच्यापैकी किती जण आज कुठल्या तरी खिडकीशी गप्प बसलेत आणि घरच्यांची बोलणी खाताहेत, याचा विचार करावा. त्यांना आळशी म्हणणं जितकं चुकीचं, तितकंच त्यांना विरक्त म्हणून सोडून देणंही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)