शहरांची हवा : मुंबईतील उपाय

हवेतील प्रदूषकांत सर्वाधिक घातक ठरतात ते अतिसूक्ष्म धूलिकण. अडीच मायक्रॉनपर्यंतचे हे कण (पीएम २.५) फुप्फुसांत खोलवर शिरतात. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार त्यांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी.

मुंबईत समुद्री वारे हे कण वाहून नेतात. हिवाळ्यात वारे मंदावले की ते जमिनीलगत साचतात. वाऱ्यावर माणसाचा ताबा नाही, म्हणून प्रदूषण उगमापाशीच रोखावे लागते.

वाहने : मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये लाल समिती नेमली. त्यानंतर जुन्या टॅक्सी सीएनजीवर आणण्यात आल्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ इंधन लागू झाले. त्यातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली.

बांधकामे : ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने पत्र्याचे उंच कुंपण, पाण्याची फवारणी व राडारोड्याची झाकून वाहतूक बंधनकारक केली.

भट्ट्या : जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरील बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. मात्र गरिबाचा पाव याच भट्ट्यांत भाजला जातो. बदलाचा भार त्याच्यावर पडू नये, याची काळजी घ्यावी लागेल.

कोकणातील चाकरमान्यांमुळे कुडाळ तालुक्यातील वालावलसारख्या गावांनाही हा प्रश्न परका नाही. शिवाय चुलीचा धूर आणि जाळलेला कचरा गावातही हेच कण निर्माण करतात.